‘मिडल ऑफ नोव्हेअर’ म्हणजे नेमकं कुठं?

वावरवाला:

नमस्कार मंडळी. प्रश्न दोनच ओळींचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय त्यातली गोम कळणार नाही. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, केळापूर तालुक्यातला कास्तकार. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर. दिवाळीनंतर पुतण्या पुण्याहून गावी आला, सोबत त्याच्या कंपनीतले दोन मित्र. पोरं गुणाची, उगाच नावं कशाला ठेवा? एकानं तर वेचणीच्या बायांचं पाहून कमरेला ओटी बांधली आणि एका तासाला, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीला, लागला. तो तासाच्या निम्म्यात पोचला तोवर बाजूच्या तासातली म्हातारी गाठोडं बांधून पाणी प्यायला बसली होती. वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेनं कशी घुसतात, ते त्याला त्या दिवशी कळलं. रात्री बोटांना खोबरेल लावून बसला होता, पण कुरकुर नाही. भरीत-भाकर दोनदा मागून खाल्ली.

परत गेल्यावर आठवड्यानं त्याच पोरानं मोबाइलवर एक फोटो टाकला. पुतण्यानं मोठ्या हौसेनं मला पाठवला. फोटो आमच्या फाट्याचा. प्रवासी निवारा, त्याच्या भिंतीवर खताची जाहिरात, सावलीला बसलेली कुणाची तरी बकरी, पलीकडं पळस, आणि मागं आभाळाला टेकेपर्यंत पांढरीफेक पऱ्हाटी. फोटो सुरेख होता, खोटं कशाला बोलू. खाली इंग्रजीत एक ओळ: ‘समव्हेअर इन द मिडल ऑफ नोव्हेअर’. त्यावर दोनशेच्या वर बदाम.

मी बारावी झालेला माणूस. मिडल म्हणजे मधोमध, नोव्हेअर म्हणजे कुठंच नाही, एवढं येतं. पण जे कुठंच नाही त्याचा मधोमध काढला कसा बाप्पा यांनी? आमच्याकडं धुऱ्याची, म्हणजे बांधाची, मोजणी आणायची तर भूमापकाला दोन दोन चकरा माराव्या लागतात, इथं तर जागाच नाही आणि मध्य सापडला!

पुतण्याला फोन केला तर म्हणे, “काकाजी, ते कौतुकानं लिहिलंय. शांत, निवांत जागा, असं.” मुलगी यवतमाळला बी.ए. करते, ती शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “कौतुक कसलं बाबा, आडगाव म्हणून राहिला तो आपल्याला.” त्यावर दोघांचं फोनवरच वाजलं. बायकोनं मध्ये पडून भाजीला काय करू असं विचारलं, तेव्हा मिटलं.

मला राग आला असं नाही. पण ओळ काही डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी मुक्कामी गाडीनं मेहुणा यायचा होता, म्हणून फाट्यावर गेलो. गाडीला वेळ होता. फोटो जिथून काढला होता, बरोबर तिथं उभा राहिलो. डाव्या अंगाला दिसतं ते बरड, तिथं तिळाशिवाय काही साधत नाही. त्याला लागून चिंचीचं वावर. चिंच माझ्या आजोबांच्या वेळीच पडली, नाव राहिलं. त्याच्या खालचं बुढीचं वावर. ही बुढी कोण, कुणाची, हे आता गावात कुणालाच सांगता येत नाही, पण ‘बुढीच्या वावरापर्यंत आमचं’ म्हटलं की सोयऱ्याला एकराचा अंदाज येतो. मग पांदण. पांदणीच्या तोंडाशी शेंदूर लावलेला धोंडा, तो म्हसोबा. मागं लेंडी नाला. नाल्याच्या काठी एक बाभूळ आहे, ती कोणाच्या धुऱ्यात यावरून दोन सख्खे भाऊ पंधरा वर्षं कोर्टात गेले. शेवटी बाभूळ वाळली, तारखा चालूच. फोटो मोठा करून पाहिलं तर त्या बाभळीचा शेंडासुद्धा त्यात आला आहे.

आणि एक राहिलंच. ते पोरगं इथं असताना त्यानं मला मोबाइलमधला नकाशा दाखवला होता. एक निळा ठिपका, भोवती सगळं कोरं. “काका, तुम्ही इथं आहात,” म्हणाला. तेव्हा हसलो होतो.

तर प्रश्न असा: हा वाक्प्रचार इंग्रजीत नेमका कधी वापरतात? शिवी आहे, कौतुक आहे, की नुसतंच बोलणं? आणि मराठीत त्याला चपखल काय म्हणायचं? पोरीनं परीक्षेत लिहिलं तर चालेल असं उत्तर द्या, म्हणजे घरातला वाद मिटेल.


खडूफळा:

वावरवालाभाऊ, मी वर्धा जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. तुमची शंका रास्त आहे. नोव्हेअरला मध्य नसतोच, ती त्यातली गंमत. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं की मी अशा ठिकाणी आहे जिथं माझ्या ओळखीचं काहीच आसपास नाही. जागेपेक्षा बोलणाऱ्याची अवस्था त्यात जास्त असते.

सगळ्यात जास्त वापर अडचणीच्या वेळी होतो. ‘अवर कार ब्रोक डाऊन इन द मिडल ऑफ नोव्हेअर’. याचं मराठी एका शब्दात होतं: आडरानात गाडी बंद पडली. इथं निंदा नाही, कुणाचं गाव नाही, नुसती पंचाईत आहे. दुसरा वापर स्वतःबद्दल: ‘आय ग्रू अप इन द मिडल ऑफ नोव्हेअर’. यात थोडी थट्टा, थोडा अभिमान. तिसरा वापर दुसऱ्याच्या गावाबद्दल, आणि तिथं मात्र जपून. पाहुणा म्हणून गेलात, भरीत-भाकर खाल्लीत आणि मग त्या घराबद्दल असं लिहिलंत, तर इंग्रज माणसालाही ते खटकू शकतं. पण त्या पोराच्या ओळीत आधी ‘समव्हेअर’ आहे हे विसरू नका. ‘कुठंच नाही’च्या मधोमध ‘कुठं तरी’, असा शब्दांचा खेळ आहे तो. फोटोखाली अशी ओळ टाकण्याची हल्ली रीतच आहे. त्यात ‘गर्दीतून सुटलो’ हा सूर असतो. म्हणजे पुतण्याचं आठ आणे खरं, मुलीचं आठ आणे.

आता माझा आवडता भाग. दूरच्या जागेला नावं ठेवायची इंग्रजीला फार हौस. ‘आऊट इन द स्टिक्स’, म्हणजे काटक्याकुटक्यांत. हे तुच्छतेचं, वापरू नये. ‘द बॅक ऑफ बियाँड’, म्हणजे पलीकडच्याही पाठीमागं. हे ब्रिटनचं, जरा गमतीचं. अमेरिकेत ‘बूनडॉक्स’ म्हणतात. तो शब्द मुळात इंग्रजी नाहीच. फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेत ‘बुंडोक’ म्हणजे डोंगर. १८९९पासून अमेरिकेचं तिथं युद्ध चाललं, त्यात शिपायांनी तो उचलला आणि घरी नेला. तिथल्या माणसाचा रोज उठून दिसणारा डोंगर, ह्यांच्या तोंडी आडरान झाला.

ऑस्ट्रेलियात ‘बॅक ओ बर्क’ म्हणतात. बर्क हे न्यू साऊथ वेल्समधलं, डार्लिंग नदीच्या काठचं खरंखुरं गाव. त्याच्यामागं काही नाही, असा समज. तिथंच ‘बियाँड द ब्लॅक स्टम्प’ असंही म्हणतात, काळ्या पडलेल्या बुंध्याच्या पलीकडं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातलं ‘जळक्या मोहापल्याड’ आठवलं. दोन्हीकडं खूण एकच, जळालेलं झाड.

आणि टिंबक्टू! ‘फ्रॉम हिअर टू टिंबक्टू’ म्हणजे पार जगाच्या टोकापर्यंत. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना वाटतं हे नाव कार्टूनमधलं आहे. टिंबक्टू आफ्रिकेतल्या माली देशात आहे, सहारा वाळवंटाच्या कडेला, नायजर नदीपासून जवळच. मिठाचा आणि सोन्याचा मोठा व्यापार तिथून चालायचा, विद्वानांची वस्ती होती, घराघरांतून हस्तलिखितं होती. युनेस्कोनं १९८८मध्ये त्याला जागतिक वारसा म्हटलं. १८२८मध्ये रने काइये नावाचा फ्रेंच माणूस वेष पालटून तिथं पोचला आणि जिवंत परतला, त्याचं युरोपात केवढं कौतुक! त्यानं जाऊन पाहिलं तर मातीची घरं. सोन्याचं शहर ऐकून गेलेल्याचा हिरमोडच तो.

मराठीकडं येतो. ‘कुग्राम’ पुस्तकी, आणि त्यातला ‘कु’ टोचतो. ‘दुर्गम’ सरकारी. ‘चिटपाखरू नाही’ हे जागेपेक्षा शुकशुकाटाला. राहिलं ‘आड’. आडगाव, आडरान, आडवाट, आडवळण. मला वाटतं चपखल इथंच सापडतं, पण फरक बघा. इंग्रजीनं जागाच पुसून टाकली. मराठीनं ‘आड’ लावून बाजूला सारलं, पण पुढं ‘गाव’ ठेवलं. अकोला जिल्ह्यात तर आडगाव नावाचं गावच आहे, आणि ते काही कुणाच्या आड नाही.

मुलीला सांगा, परीक्षेत ‘आडरानात’ किंवा ‘कुठल्या तरी आडगावी’, संदर्भ पाहून. ‘आऊट ऑफ नोव्हेअर’शी गल्लत करू नको म्हणावं. त्याचा अर्थ अचानक, ध्यानीमनी नसताना. एका विद्यार्थ्यानं मागं सहामाहीत ‘मिडल ऑफ नोव्हेअर’चा अर्थ लिहिला होता: ‘बसमध्ये मधोमध उभं राहायलाही जागा नसणे’. मी अर्धा गुण दिला. तो रोज देवळीहून उभ्यानं यायचा.


बंडीचं_चाक:

काहून येवढं डोकं लावून राह्यले भाऊ? नागपूरले झिरो माईलचा खांब पाह्यला का नाही? चार घोडे अन् एक खांब. इंग्रजाच्या टायमाले मोजमापासाठी रोवला. त्याच्यावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, रायपूर, हैदराबाद, सारे गावं अन् त्यायचे मैल कोरले हायेत. लोक म्हणतेत का देशाचा मधोमध तोच. मंग मिडल तं आपलाच झाला ना? आता नोव्हेअर कोन, ते पुन्यावाल्यायनं पाहून घ्याव.

बाकी पोट्ट्यानं ओटी बांधली म्हनता, तं माफ करा त्याले.


पळसफूल:

माफ कशाला? हे लोक दोन दिवस येतात, फोटो काढतात आणि आपल्याला ‘कुठंच नाही’ करून टाकतात. भाषणात ‘चांदा ते बांदा’ म्हणायचं. तो चांदा १९६४मध्ये चंद्रपूर झाला, आणि महाराष्ट्र काही तिथं संपत नाही. पुढं सिरोंचा आहे, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावर. तिथल्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. इंग्रजांच्या काळी तेच सिरोंचा जिल्ह्याचं ठिकाण होतं. आज कुणाला विचारा, म्हणतील, अबब, सिरोंचा! इंग्रजी वाक्प्रचाराचं सोडा, आधी मराठी म्हण दुरुस्त करा.


पर्लकोटा:

काका, मी मूळची भंडाऱ्याची. परिचारिका आहे, सहा वर्षं गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात काढली. माझं उत्तर व्याकरणाचं नाही.

खडूफळा सरांनी टिंबक्टू सांगितलं. मराठी कचेऱ्यांतलं टिंबक्टू म्हणजे गडचिरोली. ‘जास्त बोललास तर गडचिरोलीला जाशील’ हे वाक्य मी पश्चिम महाराष्ट्रातल्या मैत्रिणींकडून इतक्यांदा ऐकलं आहे. जिल्हा १९८२मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, म्हणजे धमकी काही फार जुनी नाही. त्याआधी बहुतेक चांद्याला पाठवत असतील. माझी ऑर्डर आली तेव्हा आईनं भांडी घासता घासता विचारलं, कुठं? मी सांगितलं. तिनं नळ बंद केला आणि तशीच उभी राहिली.

शिक्षकांच्या बदल्यांत सरकारनं यासाठी बरा शब्द काढला आहे, ‘अवघड क्षेत्र’. तिथं तीन वर्षं काढली की बदली मागायचा हक्क मिळतो. आमच्या शेजारचे गुरुजी म्हणायचे, गाव अवघड नाही हो, यादीत यायचं अवघड आहे.

पण खरं सांगू का, तिथं राहून मला ‘नोव्हेअर’ हा जागेचा शब्द वाटेनासा झाला. तो ऋतूचा आहे. उन्हाळ्यात भामरागड हे साधं तालुक्याचं गाव, बाजार भरतो, चहा मिळतो. जुलैत पर्लकोटेला पूर येतो, पुलावरून पाणी जातं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तीच ठरलेली ओळ, ‘भामरागडचा संपर्क तुटला’. कधी एक दिवस, कधी चार. इंद्रावती, पामुलगौतमी, पर्लकोटा, तिन्ही नद्या तिथंच मिळतात, एक फुगली की दुसरीला जागा नाही. भाऊ काळजीनं फोन करायचा, लागायचा नाही. पूर उतरल्यावर लागला की म्हणायचा, “तुमचा संपर्क तुटला होता.” मी म्हणायचे, “अरे, तुझा तुटला होता. मी इथंच होते.”

आमच्याकडं अंतर किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नसतो. ‘किती लांब?’ विचारलं की उत्तर येतं, ‘दोन नाले’. एखादीचे दिवस भरत आले असतील तर आम्ही दोन नाले आधी मोजतो, मग तारीख. म्हणून तिला आठ-दहा दिवस आधीच माहेरघरात आणून ठेवायचं. आरोग्य केंद्राजवळच खोली असते, सोबत घरचं एक माणूस राहतं, चूल मांडतं. माझ्या वेळची एक माडिया आदिवासी पोरगी यायलाच तयार नव्हती. कारण विचारलं तर म्हणाली, मोह पडायचा आहे, वेचणार कोण? मी भराभर पावसाचं, पुराचं समजावू लागले. तिनं मला थांबवलं. “मोह उन्हाळ्यात पडते मॅडम. पूर कुठला?” माझी तारीख बरोबर, ऋतू चुकला होता. तिच्या सासूनं मोह वेचला, ती आली, मुलगी झाली.

त्या पोरावर रागवू नका. पऱ्हाटी फुटलेली असताना आला होता, म्हणून शांत वाटलं. आषाढात बोलवा. फाट्यावरून गावापर्यंत चिखलातून चालत आला की त्याला वाक्प्रचार बरोबर कळेल.


सातबारा_आठअ:

मी निवृत्त तलाठी. गावचे म्हातारे शेवटपर्यंत मला पटवारीच म्हणत. चर्चा वाचून राहवलं नाही, कारण नोव्हेअर आमच्या दप्तरात आहे, आणि त्याचा मध्यसुद्धा.

विदर्भात महसुली नकाशे चाळले की दर थोड्या गावांमागं एखादं ‘रिठ’ लागतं. मौजा अमुक, रिठी. गावाला नाव आहे, शिव आहे, गट नंबर आहेत, सातबारे निघतात, सारा वसूल होतो. फक्त माणूस राहत नाही. जनगणनेत गाव म्हणून मोजतात, लोकसंख्या शून्य. जुन्या कागदांत ‘बेचिराग’ लिहिलेलं असायचं. फारसी शब्द, ‘चिराग’ नाही ते. दिवा लागत नाही ते गाव. गाव का उठलं, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी तेच: विहीर आटली, पटकी आली, किंवा लोक हळूहळू नाल्यापलीकडच्या मोठ्या वस्तीत सरकले.

एकदा चंद्रपूर जिल्ह्यात अशा एका रिठावर हद्दीच्या वादासाठी जावं लागलं. नकाशात मधोमध गावठाण दाखवलेलं होतं. कोतवाल आणि मी शोधत गेलो. वर नुसती तरोट्याची झुडपं, कमरेएवढी. पाय अडखळला म्हणून खाली पाहिलं तर जोत्याचा दगड. मग एकामागून एक दिसू लागले. एका ठिकाणी दगडी उखळ जमिनीत रुतलेलं, त्यात पावसाचं पाणी आणि बेडकाची पिल्लं. चिंचेखाली मारुती, आणि मारुतीला ताजा शेंदूर. कोतवालाला विचारलं, इथं तर कोणी राहत नाही, मग शेंदूर कोण लावतं? तो म्हणाला, “साहेब, ज्यांच्या आज्यानं गाव सोडलं, ते येतात ना हनुमान जयंतीला. नारळ फोडतात आणि संध्याकाळच्या आत निघून जातात.”

वावरवाला, तुमच्या इंग्रजी ओळीचं अगदी शब्दाला शब्द मराठी हवं असेल तर मी म्हणेन, ‘रिठाचं गावठाण’. पण तुमच्या फाट्याला ते लागू पडत नाही. तुमच्याकडं मुक्कामी गाडी येते. मुक्कामी गाडी येते त्या गावाला बेचिराग म्हणायची हिंमत कुठल्याच पटवाऱ्यात नाही.


वावरवाला:

सगळ्यांचे आभार. सरांचं उत्तर मुलीनं वहीत उतरवून घेतलं. अर्ध्या गुणाची गोष्ट घरात तीनदा सांगून झाली. पळसफूल, तुमचा राग समजतो, पण ते पोरगं खरंच चांगलं होतं. जाताना बायकोच्या पाया पडलं.

तुमचं वाचताना एक गोष्ट आठवली. सांगावी की नाही असं दोन दिवस चाललं होतं, कारण ती माझ्याच अंगावर येते.

दोन वर्षांमागं वेचणीला मजूर मिळेना. आमच्यापासून दोन कोसांवर टेकडीच्या पलीकडं कोलाम आदिवासींचं एक पोड, म्हणजे वस्ती, आहे. तिथं बायांना सांगायला गेलो. पोडावर चावडीपाशी बसलो होतो, म्हातारा नाईक समोर. घरून फोन आला. रेंज एक कांडी. बायको म्हणाली, “कुठं आहा?” मी म्हटलं, “कुठं नाही, इथं जंगलात आहे.” बोललो आणि फोन ठेवला. म्हातारा काही रागावला नाही. विडी झटकली आणि टेकडीकडं हात करून म्हणाला, “जंगल तं थे तिकडं हाय मालक. हे पोड होय.” त्यानंतर त्यानं पोडाच्या चारही अंगांच्या जागांची नावं सांगितली, कोलामीत. मला एकही लक्षात राहिलं नाही. मी आठवत बसलो होतो ते रोजीचा भाव.

बाया आल्या वेचणीला. जाण्यायेण्यासाठी बंडी मी पाठवली होती.

पुतण्यानं इथली सगळी चर्चा त्या मित्राला वाचून दाखवली. त्याचा मला फोन आला. “काका, चुकलं का माझं?” म्हणाला. मी म्हटलं, “चुकलं नाही रे बाबू. पण पर्लकोटाताई म्हणतात तसं आषाढात ये.” तो म्हणाला येतो. बूट कोणते आणू ते विचारलं. मी म्हटलं, आणू नको.

आणि हे लिहायला बसलो तेवढ्यात कुरिअरवाल्या पोराचा फोन. मुलीची पुस्तकं मागवली होती. “काका, गाव नेमकं कुठं आहे?” मी सांगितलं. पांढरकवड्याहून निघ, दोन पूल सोड, मग डाव्या हाताला फाटा, निवाऱ्यावर खताची जाहिरात आहे. तिथून आत वळ. बरड संपलं की चिंचीचं वावर, चिंच दिसणार नाही, पण वावर तेच. बुढीच्या वावरापाशी पांदण लागते, तीत शिरू नकोस, गाडी फसते. म्हसोबाला उजवीकडं ठेव, नाला उतर, वाळलेली बाभूळ दिसली की समोर गाव. तिसरं घर.

तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “काका, लोकेशन टाका ना.”

टाकलं. निळा ठिपका, भोवती सगळं कोरं. पोचला बिचारा पाऊण तासानं, पांदणीत शिरून आला होता.